घरमालकाने भाडे एकदम वाढवले तर गोव्यातील भाडेकरूने काय करावे

‘पुढच्या महिन्यापासून अठरा हजार द्या, नाहीतर दुसरीकडे घर बघा.’ म्हापशात १२,००० रुपये भाड्याने राहणाऱ्या एखाद्या कुटुंबाच्या मोबाइलवर महिन्याच्या २२ तारखेला असा निरोप येतो, तेव्हा दोनपैकी एक चूक बहुधा होतेच. काही जण घाबरून ‘बरे, बघतो’ असे उत्तर पाठवतात आणि १ तारखेला मुकाट्याने १८,००० रुपये भरून मोकळे होतात. काही जण संतापाने भाडेच थांबवतात. पहिल्या कुटुंबाने वाढ मान्य असल्याचा पुरावा स्वतःच्या हाताने तयार करून दिलेला असतो, तर दुसऱ्याने घर खाली करून मागण्याचे कायदेशीर कारण घरमालकाच्या ओंजळीत आणून टाकलेले असते. पुढे जे काही लिहिले आहे, ते या दोन चुका टाळण्याभोवतीच फिरते: ठरलेले भाडे एक दिवसही न चुकवता देत राहावे, आणि न ठरलेले भाडे लेखी बोलणी पूर्ण होईपर्यंत एकदाही देऊ नये.

वाढीची मागणी एवढी मोठी का असते, हे गोव्यात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. आसगाव, शिवोली, हणजूण या पट्ट्यात बाहेरून येऊन घर घेणाऱ्यांची आणि पर्यटकांना दिवसाच्या हिशेबाने खोल्या देणाऱ्यांची संख्या वाढली, आणि जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाल्यावर पेडण्यातील घरमालकही जुन्या भाड्यांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. ‘पर्यटकांना दिले तर आठ दिवसांत एवढे सुटतात’ हे वाक्य भाडेकरूला हमखास ऐकवले जाते. ते ऐकताना एवढे लक्षात असू द्यावे की पर्यटकांना घर देण्यासाठी १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. हा काही तुमचा हक्क नव्हे आणि तो धमकीसारखा वापरूही नये. पण समोरचा आकडा किती खरा आणि किती हवेतला, याचा अंदाज त्यावरून येतो.

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करायला हवा, कारण मराठी वाचणारा गोमंतकीय भाडेकरू इंटरनेटवर शोधतो तेव्हा त्याच्यासमोर बहुधा मुंबई-पुण्याची माहिती येते. वर्षाला चार टक्के वाढीची मर्यादा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातली आहे. तो १९९९ चा कायदा गोव्याला लागू नाही. गोव्यात १९६८ चा गोवा, दमण आणि दीव इमारती (भाडेपट्टा, भाडे व निष्कासन) नियंत्रण कायदा आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्याचाही दाखला लोक देतात. राहत्या घरासाठी दोन महिन्यांपेक्षा जास्त अनामत नको आणि भाडेवाढीची तीन महिने आधी सूचना हवी, अशा तरतुदी त्यात आहेत. पण तो राज्यांपुढे ठेवलेला नमुना आहे, आणि विधानसभेने तसा कायदा केल्याशिवाय तो कोणत्याही राज्यात आपोआप लागू होत नाही. चुकीच्या कायद्याचे कलम पत्रात लिहिले की घरमालकाचा वकील पहिल्या ओळीतच तुम्हाला ओळखतो.

दुसरा गोंधळ खास आपल्याकडचा आहे. कूळ, मुंडकार आणि भाडेकरू हे तीन शब्द गावात एकाच श्वासात उच्चारले जातात, पण त्यांचे कायदे तीन आहेत. शेतजमीन कसणाऱ्या कुळासाठी १९६४ चा कायदा आहे. भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीत त्याच्या संमतीने घर करून राहणाऱ्या मुंडकारासाठी १९७५ चा कायदा आहे आणि ती प्रकरणे मामलेदारापुढे चालतात. घराचे दरमहा भाडे देणारा माणूस सर्वसाधारणपणे मुंडकार ठरत नाही. त्यामुळे ‘इतकी वर्षे राहतो, आता मुंडकार म्हणून दावा लाव’ असा सल्ला कोणी दिला, तर आधी आपल्या जुन्या भाडेपावत्या आठवाव्यात. त्या पावत्या भाडेकरूच्या बाजूने भक्कम पुरावा आहेत, पण मुंडकारीच्या दाव्यात त्याच विरुद्ध जातात.

आता कपाटातला करार बाहेर काढावा. तो शांतपणे, शक्यतो रात्री जेवणानंतर, घरातल्या दोघांनी मिळून वाचावा आणि चार गोष्टी शोधाव्यात: मुदत कधी संपते, मुदतीच्या आत भाडे वाढवता येईल असे कुठे लिहिले आहे का, नूतनीकरणाच्या वेळी किती टक्के वाढ ठरली आहे, आणि सूचनेचा कालावधी किती आहे. मुदत चालू असेल आणि वाढीचे कलम नसेल, तर घरमालकाला एकतर्फी भाडे वाढवता येत नाही. भाडे ही कराराची अट आहे आणि दोघांच्या संमतीशिवाय ती बदलत नाही. नूतनीकरणाला दहा टक्के वाढ लिहिलेली असेल, तर १२,००० चे १३,२०० होतात, १८,००० नव्हे. पन्नास टक्क्यांची मागणी करणाऱ्याने आपल्याच सहीकडे एकदा पाहावे.

बहुतेक करार अकरा महिन्यांचे असतात, त्याचे कारण साधे आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०७ प्रमाणे नोंदणीकृत दस्तानेच करावा लागतो, आणि तो खर्च व उपनिबंधकाच्या कार्यालयातील खेप दोघांनाही नको असते. यातून भाडेकरूंची एक फसगत होते. ‘तीन वर्षे भाडे वाढणार नाही’ असे लिहिलेला, पण नोंदणी न केलेला तीन वर्षांचा कागद हातात असला तरी त्या तीन वर्षांच्या आश्वासनावर न्यायालयात उभे राहणे कठीण जाते. तशा स्थितीत राहण्याचे नाते महिन्यामहिन्याचे धरले जाते आणि कलम १०६ प्रमाणे पंधरा दिवसांच्या नोटिशीने ते संपवता येते. भाडे स्थिर राहावे अशी खरोखर इच्छा असेल, तर नोंदणीच्या खर्चात अर्धा वाटा उचलण्याची तयारी भाडेकरूने स्वतःहून दाखवावी. माझ्या मते तो खर्च वाया जात नाही.

कागदावर ‘भाडेकरार’ नसून ‘लिव्ह अँड लायसन्स’ (म्हणजे केवळ वापराची परवानगी) असे शीर्षक असेल, तर लगेच हात टेकू नयेत. शीर्षक काय आहे यापेक्षा व्यवहार काय आहे हे न्यायालय पाहते. घराचा स्वतंत्र ताबा तुमच्याकडे आहे का, किल्ली कोणाकडे आहे, घरमालक हवे तेव्हा आत येतो का, या गोष्टी तपासल्या जातात. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये असोसिएटेड हॉटेल्सच्या प्रकरणात घालून दिलेली ही कसोटी आजही वापरली जाते.

कागद वाचून झाला की उत्तर लिहावे, आणि ते लेखीच असावे. इथे अनेकांचा हात अडतो. ज्यांना आपण काका किंवा अंकल म्हणतो, चवथीला ज्यांच्या घरी नेवऱ्या पाठवतो आणि नाताळाला ज्यांच्याकडून कुसवाराचे ताट येते, त्यांना नोटिशीसारखे पत्र कसे पाठवावे, असे वाटते. पत्र नोटिशीसारखे नसले तरी चालते. तारीख आणि आकडा मात्र त्यात हवा. पुढील मजकूर पुरेसा आहे:

‘सप्रेम नमस्कार. आपण २२ तारखेला मोबाइलवर पाठवलेला भाडेवाढीचा निरोप मिळाला. आपल्यातील करारानुसार मासिक भाडे १२,००० रुपये असून कराराची मुदत अजून पाच महिने शिल्लक आहे. मुदतीच्या आत भाडे वाढवण्याची अट करारात नसल्यामुळे ही वाढ मला मान्य करता येत नाही. ठरलेले भाडे मी नेहमीप्रमाणे दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत आपल्या बँक खात्यात जमा करीत राहीन. मुदत संपल्यानंतरच्या करारासंबंधी बोलण्याची माझी तयारी आहे. आपल्या सोयीची वेळ कळवावी, ही विनंती.’

हे पत्र स्पीड पोस्टने पाठवून पोचल्याची नोंद छापून ठेवावी आणि त्याचा फोटो त्याच मोबाइल क्रमांकावर पाठवावा, म्हणजे ‘मला काही मिळालेच नाही’ असे म्हणायला जागा राहत नाही. त्यानंतर स्वतः जाऊन भेटायलाही हरकत नाही. किंबहुना पत्रानंतरची भेट अधिक शांतपणे होते, कारण तोंडी बोलण्यात घसरून काही कबूल होण्याची भीती उरलेली नसते. मोबाइलवरचे निरोप पुसू नयेत आणि फोन बदलताना ते हरवू देऊ नयेत. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे आवश्यक प्रमाणपत्रासह ते पुराव्यात दाखल करता येतात.

भाडे देण्याच्या बाबतीत मात्र अतिशय काटेकोर असावे. १९६८ च्या गोव्याच्या कायद्यानुसार भाडेकरूची एकूण तीन महिन्यांची थकबाकी झाली, आणि घरमालकाची नोंदणीकृत नोटीस मिळाल्यापासून किंवा ती नाकारल्यापासून तीस दिवसांत ती भरली गेली नाही, तर घर खाली करून मागण्यास ते एक कारण ठरते. ‘नाकारल्यापासून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पोस्टमनकडून पाकीट घेतले नाही म्हणजे नोटीस मिळालीच नाही, असे समजणारे अनेक जण आहेत, आणि त्यांचे तीस दिवस पाकीट परत गेले त्याच दिवशी सुरू झालेले असतात. प्रकरण रेंट कंट्रोलरपुढे, म्हणजे या कायद्याखाली भाड्याची प्रकरणे ऐकणाऱ्या अधिकाऱ्यापुढे, चालू असतानाही दरमहाचे भाडे भरत राहावेच लागते. तसे न केल्यास बाकीच्या मुद्द्यांची सुनावणी न होताच ताबा सोडण्याचा आदेश निघू शकतो. चांगली बाजू असलेली प्रकरणे या एका ढिलाईने हातची जातात.

रोख भाडे देण्याची पद्धत असेल तर ती याच महिन्यापासून बंद करून बँकेतून पाठवावे आणि व्यवहाराच्या टिपणीत ‘जून महिन्याचे भाडे’ असे स्पष्ट लिहावे. घरमालक जुने भाडे परत पाठवू लागला किंवा खाते क्रमांकच देईनासा झाला, तर धनादेश पत्रासोबत पाठवून तो नाकारल्याची नोंद ठेवावी आणि लगेच वकिलाला विचारून ती रक्कम रेंट कंट्रोलरकडे जमा करण्याचा अर्ज करावा. अनामत रकमेतून भाडे ‘वळते करून घ्या’ असे परस्पर ठरवणे धोक्याचे आहे. घरमालकाने तसे लेखी मान्य केले नसेल, तर हिशेबात ते महिने थकलेलेच दिसतात.

या कायद्याचा दुसरा उपयोग वाजवी भाडे ठरवून घेण्यासाठी होतो. भाडेकरू किंवा घरमालक, दोघांपैकी कोणीही रेंट कंट्रोलरकडे तसा अर्ज करू शकतो. सरकारी मालकीच्या इमारतींसारख्या काही इमारतींना हा कायदा लागू होत नाही, म्हणून आपली इमारत त्याच्या कक्षेत येते ना, एवढे आधी तपासून घ्यावे. आपल्या तालुक्यासाठी रेंट कंट्रोलर कोण आहे, हे उपजिल्हाधिकारी किंवा मामलेदार कार्यालयात विचारल्यास कळते. अर्जाला करार, भाड्याच्या पावत्या किंवा बँकेचे उतारे, घराचे क्षेत्रफळ, सोयींचे वर्णन आणि त्याच वाड्यावरील तशाच घरांची भाडी जोडावीत. शेजारच्या इमारतीतील भाडेकरूंना विचारून अशी तीन-चार उदाहरणे लिहून काढणे, हे या कामातले सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत उपयोगी काम आहे.

‘मला स्वतःलाच घर हवे आहे’ हे घरमालकाचे म्हणणे खरेही असू शकते. मुलगा आखातातून कायमचा परत येतो, मुलीचे लग्न ठरते. स्वतःच्या राहण्यासाठी घर मागण्याची सोय कायद्यात आहे, पण ती गरज खरी असल्याचे दाखवावे लागते. पंधरा दिवसांपूर्वी १८,००० रुपये मागणाऱ्याला आज घराची गरज भासू लागली असेल, तर तो २२ तारखेचा निरोप पुन्हा कामी येतो.

आता दबावाविषयी. भाडे मान्य न करणाऱ्या भाडेकरूच्या घराचे पाणी अचानक कमी येऊ लागते, मीटरचा खटका कोणीतरी बंद करते, कुटुंब गणपतीला गावी गेले असताना दारावर दुसरे कुलूप लागते. करार संपलेला असो वा नसो, न्यायालयाच्या किंवा सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय राहत्या माणसाला बाहेर काढता येत नाही. तसे केल्यास १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ प्रमाणे सहा महिन्यांच्या आत ताबा परत मिळवण्याचा दावा लावता येतो, आणि त्या दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्न आड येत नाही. ताबा तुमचा होता आणि तो तुमच्या संमतीशिवाय, कायद्याची रीत सोडून काढून घेतला, एवढे दाखवायचे असते. विजेच्या बाबतीत २००३ चा वीज कायदा मालक आणि ताबाधारक, दोघांनाही जोडणी मागण्याचा अधिकार देतो, आणि घरमालक ना हरकत दाखला देत नाही एवढ्याच कारणावरून भाडेकरूला वीज नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा वीज खात्याच्या उपविभागात लेखी अर्ज द्यावा आणि पोचीची प्रत घ्यावी.

पोलिस ठाण्यात गेल्यावर ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असे उत्तर बहुतेक वेळा मिळते, आणि भाड्याच्या आकड्यापुरते ते बरोबरच असते. म्हणून तक्रारीत भाडेवाढीची कथा दोन ओळींत संपवून घडलेले कृत्य लिहावे: अमुक तारखेला, अमुक वाजता कुलूप तोडले, घरात शिरले, धमकी दिली. गृह-अतिक्रमणासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३२९ आणि धमकीसाठी कलम ३५१ आहे. प्रसंग चालू असेल तर ११२ वर फोन करावा. भाडेकरू पडताळणीचा अर्ज पोलिस ठाण्यात आधीच दिलेला असेल, तर तुम्ही त्या घरात राहता हे सिद्ध करायला तो आयता कागद असतो. घरमालक टाळत असेल तरी भाडेकरूने त्याचा आग्रह धरावा.

घर विकले गेले की अनेकांना वाटते, जुना करार संपला. तसे होत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०९ प्रमाणे नवा मालक जुन्या मालकाच्या जागी येतो आणि चालू भाडेपट्टा त्याच्यावरही बंधनकारक असतो. विक्री झाल्याचे तुम्हाला कळवलेलेच नसेल, तर त्या काळात जुन्या मालकाला दिलेले भाडे पुन्हा द्यावे लागत नाही. गोव्यात याहून अवघड प्रकार वारसांचा असतो. म्हाताऱ्या घरमालकीण वारतात, इन्व्हेंटरीचे, म्हणजे वारसांत वाटणी करण्याचे, न्यायालयातील काम अडकून पडते, आणि एक भाऊ मडगावहून, दुसरा लिस्बनहून वेगवेगळे भाडे मागतो. अशा वेळी कोणाचीही बाजू घेऊ नये. सर्व ज्ञात वारसांना एकच पत्र पाठवून, भाडे स्वीकारण्याचा अधिकार कोणाला आहे हे लेखी कळवण्यास सांगावे आणि तोपर्यंत जुन्याच खात्यात, जुनेच भाडे भरत राहावे. ते खाते बंद झाले असेल तर रक्कम बाजूला ठेवून न बसता रेंट कंट्रोलरकडे अर्ज करावा.

कराराची मुदत खरोखर संपलेली असेल, तर मात्र वस्तुस्थिती मान्य करून बोलणी करावीत. नव्या करारासाठी घरमालक आपला आकडा सांगू शकतो. तुमच्या घराला १९६८ च्या कायद्याचे संरक्षण नसेल आणि योग्य नोटिशीनंतरही तुम्ही राहिलात, तर दिवाणी न्यायालय त्या काळासाठी बाजारभावाने नुकसानभरपाई द्यायला लावू शकते. पण नवा भाडेकरू शोधायला दलालाला एक महिन्याचे भाडे जाते, रंगरंगोटी करावी लागते आणि पावसाळ्यात घर दोन महिने रिकामे राहण्याची शक्यता असते, हे घरमालकालाही ठाऊक असते. १८,००० च्या मागणीवर १३,५०० रुपये, दोन वर्षांचा नोंदणीकृत करार आणि दुसऱ्या वर्षी ठरावीक वाढ, असा प्रस्ताव ठेवला तर पुष्कळदा तोच टिकतो. सही करण्याआधी करारावरची तारीख पाहावी. मागील तारीख टाकून तीन महिन्यांची वाढ वसूल करण्याचा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला आहे.

वकिलाचा खर्च परवडत नसेल, तर उत्तर आणि दक्षिण गोवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांकडे मोफत साहाय्य मागता येते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट लागू नाही. राष्ट्रीय मदतक्रमांक १५१०० आहे. घरमालक न्यायालयातून एकतर्फी मनाई आदेश आणेल अशी भीती असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खाली कॅव्हेट, म्हणजे ‘माझे म्हणणे ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये’ असा अर्ज, दाखल करावे. ते ९० दिवस टिकते. मुदत संपण्याची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लाल शाईने लिहून ठेवावी, कारण ती कोणी आठवण करून देत नाही.

शेवटी घर सोडायचेच ठरले, तर अनामत हातात पडेपर्यंत किल्ली देऊ नये, निदान दोन्ही व्यवहार एकाच वेळी करावेत. सामान निघाल्यावर रिकाम्या खोल्यांचा, नळांचा, खिडक्यांच्या काचांचा आणि वीज मीटरवरील आकड्याचा व्हिडिओ काढावा, आणि ‘घराचा ताबा, दोन किल्ल्या मिळाल्या, अनामत परत दिली, भाड्याची बाकी नाही’ अशा एका ओळीवर घरमालकाची तारखेसह सही घेऊनच टेम्पो सोडावा.